परगांवचा वाचक आणि भिंतींतील तार

सातारच्या नगरवाचनालयास थोरल्या प्रतापसिंह महाराजांचें नांव आहे. इंग्रजांनीं त्यांना १८३९ सालीं पदच्युत केलें आणि १८४८ सालीं साताऱ्याचें राज्यहि खालसा झालें. नांव मात्र ग्रंथांच्या घरावर राहिलें. कृष्णेच्या ओघाबरोबर खालीं गेलें म्हणजे सांगलीचें नगरवाचनालय लागतें. तें १८६९ चें. 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या नांवानें मुंबई इलाख्यांत ज्या संस्था त्या शतकांत निघाल्या, त्यांतील पुण्याची १८४८ ची.

अशा संस्थांचा इतिहास सांगतांना ग्रंथसंख्येचा हिशेब नेहमीं होतो. मला त्यांतील एक साधी चाल अधिक मोलाची वाटते. ग्रंथ घरीं न्यावयाचा तर वर्गणी व अनामत हवी, पण वृत्तपत्रांच्या मेजापाशीं बसणाऱ्यास "आपण सभासद आहांत काय?" असें सहसा कोणी विचारीत नाहीं. कोर्टाच्या तारखेस साताऱ्यांत आलेला पक्षकार, हळदीच्या सौद्यास सांगलींत आलेला शेतकरी, यांनाहि त्या मेजावर घटकाभर जागा असते.

मुंबई सरकारनें १९३९ सालीं ग्रंथालयांच्या विचारासाठीं फैजी समिति नेमली. प्रत्यक्ष कायदा व्हावयास १९६७ साल उजाडलें. कायद्यानें मान्यता व अनुदान आलें, पण पाहुण्याचें आतिथ्य लोकांच्या मनावरच राहिलें. तें मन आटलेलें नाहीं, याची साक्ष सातारा जिल्ह्यांतच आहे. भिलार येथें ४ मे २०१७ रोजीं 'पुस्तकांचें गांव' सुरू झालें आणि गांवकऱ्यांनीं आपल्या घरांतील खोल्या अनोळखी वाचकांस मोकळ्या केल्या.

आज त्या पाहुण्याच्या बगलेंत लॅपटॉप असतो. इंटरनेट आपल्या देशांत सामान्य ग्राहकास १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळूं लागलें. आतां स्पर्धापरीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ति, सातबाराचा उतारा, सारें त्याच वाटेनें येतें. जत किंवा माण तालुक्यांतून आलेल्या विद्यार्थ्याच्या अर्जाची मुदत रात्रीं बाराला संपत असेल, तर त्याला कपाटांतील ग्रंथापेक्षां भिंतींतील एक छिद्र अधिक उपयोगी पडेल. वृत्तपत्रांच्या मेजाचाच हा पुढचा अवतार नव्हे काय?

"वाय-फाय असतांना तार कशाला?" असें कोणी म्हणेल. जाड दगडी भिंतींत वाय-फायच्या लहरी क्षीण होतात. शिवाय अभ्यासिकेंत चाळीसजण बसले कीं एकाच हवेंत सर्वांची दाटी होते. आठ बारीक तारांची केबल शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते आणि प्रत्येक आसनास आपापली वाट देते. नव्या सडपातळ लॅपटॉपना केबलचें भोंक नसतें, हें खरें. त्यासाठीं जोडणीचीं चारदोन साधनें ग्रंथपालाच्या खणांत असावींत. पाहुण्याची वाट ग्रंथनोंदणीच्या संगणकांपासून मात्र अगदीं वेगळी ठेवावी. स्वयंपाकघराची किल्ली कोणी पाहुण्याच्या हातीं देत नाहीं!

ओळखीचा प्रश्न उरतो. सायबर कॅफेंसाठीं २०११ सालीं झालेल्या केंद्रीय नियमांत ओळखपत्र पाहणें व नोंदी निदान वर्षभर जपणें सांगितलें आहे. वाचनालय कांहीं कॅफे नव्हे. तरी दाराशीं असलेल्या अभ्यागतांच्या वहींत नांव, गांव व वेळ लिहून घेण्यांत अवघड कांहीं नाहीं. कोणीं काय वाचलें, हें मात्र त्या वहींत येऊं नये. ग्रंथपालानें वाचकाचें गुपित राखावें, ही जुनीच रीत आहे.

सांगलीकरांस आणखी एक गोष्ट सांगावयास नको. ऑगस्ट २०१९ मध्यें, वाचनालयाच्या दीडशेंव्या वर्षीं, आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि तेथील हजारों ग्रंथ पाण्यांत गेले. म्हणून सांगलीस तारांचें जाळें घालावयाचें तर त्याची मुख्य पेटी तळमजल्यावर नको. ती माडीवर, आणि भिंतींतील भोंकें मेजाच्या उंचीच्या वर असावींत.