नळीची लांबी, गोळीचा व्यास आणि सरकारचा कायदा

दूरच्या लक्ष्यावर नेम धरणाऱ्या बंदुकीची निवड मुख्यतः दोन मापांवर ठरते. पहिले माप नळीच्या पोकळीच्या व्यासाचे, ज्याला इंग्रजी अमदानीपासून ‘बोअर’ किंवा ‘कॅलिबर’ म्हटले जाते, आणि दुसरे नळीच्या लांबीचे. इंग्लंडातल्या हौशी नेमबाजाला ही निवड बऱ्याच अंशी स्वतःच्या मर्जीने करता आली. ठाणे-कल्याण पट्ट्यात, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, ती आधी लष्कराने आणि मग कायद्याने केली, आणि येथील नेमबाजीचे आजचे रूप बहुतांशी त्या निर्णयांतून आलेले आहे.

सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू वापरात होती तोवर लांब नळीला पर्याय नव्हता. मराठेशाहीतील तोड्याची बंदूक, म्हणजे जिच्या रंजकेला जळत्या दोरीने बत्ती दिली जाई ती, आणि टेकू देऊन डागली जाणारी जड जेजाल, या दोहोंची नळी लांब असे, कारण दारूच्या वायूला गोळी ढकलण्यासाठी जितका अधिक अवसर मिळेल तितका गोळीचा वेग वाढतो. मात्र काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन काजळीच्या रूपाने मागे उरतो, तो नळीत साचतो, आणि वेग एका मर्यादेपलीकडे जात नाही. म्हणून मारा जबर हवा असेल तर गोळीच जाड आणि वजनदार करावी लागे. कंपनी सरकारच्या पायदळातील ‘ब्राउन बेस’ बंदुकीचा व्यास .७५ इंच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर होता आणि तिची नळी ३९ इंचांची होती. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीने, जिच्या काडतुसांच्या चरबीवरून १८५७ चा वणवा भडकला, नळीची लांबी तेवढीच ठेवली, पण व्यास .५७७ इंचांवर आणला आणि नळीच्या आत पेचदार खाचा घेतल्या. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि हवेत डगमगत नाही.

पुढचा अर्धशतकाचा काळ हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा काळ म्हणावा लागेल. १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्रीचा व्यास .४५ इंच आणि नळी सुमारे ३३ इंच होती; ८५ ग्रेन दारूच्या जोरावर ती ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने फेकीत असे. १८८८ मध्ये .३०३ इंच व्यासाची ली-मेटफर्ड आली आणि काही वर्षांतच तिच्या काडतुसात काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट ही बिनधुराची दारू भरली जाऊ लागली. ही दारू जवळजवळ सगळीच वायुरूप होत असल्याने बारीक गोळीलाही मोठा वेग देता येऊ लागला. मात्र त्या वेगात उघडे शिसे खाचांत धरून राहत नाही, म्हणून गोळीवर कठीण धातूचे आवरण चढवावे लागले. १९१० च्या ‘मार्क सात’ काडतुसातील अणकुचीदार गोळी अवघी १७४ ग्रेन वजनाची होती, पण तिचा वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर होता. जी गोळी लक्ष्यापर्यंत लवकर पोहोचते तिला वारा कमी ढळवतो आणि ती खालीही कमी येते, हा दूरपल्ल्याच्या नेमबाजीचा पायाच होय. ही काडतुसे पुण्याजवळ खडकीलाही तयार होत, जेथे दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून उभा होता; जुन्या .३०३ काडतुसाच्या पितळी बुडावर बाणाच्या खुणेच्या दोन बाजूंना ‘के’ आणि ‘एफ’ ही इंग्रजी अक्षरे उठवलेली दिसली की ते खडकीचे, हे ओळखता येते.

वेग दारूनेच मिळू लागल्यावर नळी आखूड करणे शक्य झाले. लांब ली-एन्फिल्डची नळी ३०.२ इंचांची होती; विसाव्या शतकाच्या आरंभी घोडेस्वार आणि पायदळ या दोघांसाठी एकच रायफल करताना ती २५.२ इंचांवर आणली गेली. इंग्लंडातील बिस्लेच्या मैदानावर हजार यार्डांवर स्पर्धा खेळणाऱ्यांनी या आखूड नळीवर कडाडून टीका केली. पुढची माशी आणि मागची खाच यांतले अंतर घटले की नेमातली बारीकशी चूकही लक्ष्यावर मोठी होऊन उमटते, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. पण आखूड नळी मुळातच नेम चुकवते, हे त्यांचे म्हणणे अनुभवाने टिकले नाही. गोळी सुटताना नळी थरथरते आणि तिचे तोंड वरखाली होते. ली-एन्फिल्डचा बोल्ट मागच्या टोकाला अडकत असल्याने तिच्यात हे कंपन असे घडते, की किंचित मंद गोळी थोडी उशिरा, म्हणजे तोंड थोडे अधिक वर गेले असताना बाहेर पडते. जवळच्या अंतरावर यामुळे गोळ्या उभ्या रेषेत पसरतात, पण ९००-१००० यार्डांवर मंद गोळीची घसरण आणि तिला मिळालेला हा चढ एकमेकांना भागवतात आणि ठसे पुन्हा जवळ येतात. केवळ नळी मोजून रायफलीची पारख करणाऱ्यांना या गोष्टीने दिलेले उत्तर इतके स्पष्ट आहे, की आजच्या नेमबाजानेही ते विसरू नये.

हे ज्ञान येथे कोणाच्या हाती होते, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्या सैन्यापेक्षा एक पिढी जुनी रायफल देण्याचे धोरण होते. गोऱ्यांकडे मार्टिनी असताना हिंदी शिपायाच्या हाती त्याआधीची स्नायडर रायफल असे. ज्या जीआयपी रेल्वेने १८५४ मध्ये कल्याण गाठले आणि १९२९ मध्ये ठाकुर्लीला आपल्या विजेच्या गाड्यांसाठी वीजघर उभारले, तिची स्वतःची रायफलधारी स्वयंसेवक पलटण होती. १९२० च्या कायद्याने ती सहायक दलात गणली गेली, आणि त्या दलात प्रवेश होता तो युरोपीय व अँग्लो-इंडियन नोकरांना. त्याच रेल्वेत राबणाऱ्या मराठी फिटरला किंवा खलाशाला त्या चांदमारीत जागा नव्हती.

नागरिकांच्या हातातल्या शस्त्रांवर १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची कात्री आधीच लावली होती. त्यापुढे जाऊन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सरकारने लष्करी व्यासाच्या खासगी रायफलींवरच बंदी आणली, कारण लष्कराचा चोरीस गेलेला दारूगोळा बंडखोरांच्या बंदुकीत बसू नये. .४५० वर बंदी येताच इंग्रज बंदूककारांनी हत्ती-वाघांच्या शिकारीसाठी .४६५ आणि .४७० अशी नवी मापे काढली, तर .३०३ ची जागा .३१५ ने घेतली. हे माप ऑस्ट्रियाच्या आठ मिलिमीटर मानलिखर काडतुसावरून घेतलेले आहे आणि पुढे ईशापूरच्या सरकारी कारखान्याने तेच भारतीय शिकाऱ्यांपर्यंत पोहोचवले. त्याची गोळी जड आणि मंद असल्याने रानडुकरासाठी ती पुरेशी ठरते, हजार यार्डांसाठी ठरत नाही. कोणत्याही प्रयोगशाळेने सुचवले नसते असे माप एका देशात शतकभर टिकले, ते केवळ कायद्यामुळे.

स्वातंत्र्यानंतरही ही चौकट फारशी हलली नाही. १९५१ मध्ये गणेश वासुदेव मावळंकर या अहमदाबादेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबातील लोकसभेच्या पहिल्या सभापतींनी भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना केली, आणि आजही त्यांच्या नावाची स्पर्धा नेमबाजांची पहिली मोठी पायरी मानली जाते. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांनी .३०३ आणि नंतर लष्करात आलेले ७.६२ मिलिमीटर हे दोन्ही व्यास प्रतिबंधित वर्गात ठेवले. ७.६२ ची काडतुसे भुसावळजवळच्या वरणगावला तयार होतात आणि ठाकुर्लीहून चौथ्या स्थानकावरच्या अंबरनाथला आयुध कारखाना आहे, तरी त्या मापाची नेमबाजी मुख्यतः सेना आणि पोलीस यांच्याकडेच राहिली. जागेचा प्रश्नही लहान नाही: ३०० मीटरची रेंज बारा डब्यांच्या लोकलहून लांब असते, तिच्यामागे गोळी अडवणारा भक्कम बंधारा आणि मोकळे धोकाक्षेत्र लागते, आणि दुतर्फा चाळी-इमारती उभ्या राहिलेल्या डोंबिवली-कल्याण पट्ट्यात ते मिळणे अशक्यच आहे. ऑलिंपिकमधूनही ३०० मीटरचा प्रकार १९७२ नंतर गेला.

त्यामुळे मराठी नेमबाजाच्या वाट्याला आली ती .२२, म्हणजे ५.६ मिलिमीटर व्यासाची रायफल, आणि राष्ट्रीय छात्रसेनेने ती महाविद्यालयांपर्यंत नेली. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात छात्रसैनिक असतानाच अंजली भागवत नेमबाजीकडे वळल्या. या काडतुसातील दारू इतकी थोडी असते की सोळा ते एकोणीस इंचांच्या आतच ती आपले काम पुरे करते. त्यापुढची नळी वेग वाढवत नाही, फक्त माशीला पुढे नेते, म्हणून पुष्कळ स्पर्धक नळीच्या तोंडाला पोकळ नळकांडे जोडून तेवढाच लाभ घेतात. गोळीही मुद्दाम ध्वनीच्या वेगाहून मंद ठेवली जाते, कारण ध्वनीचा वेग ओलांडताना हवेचे धक्के तिला ढळवतात. या बारकाव्यांवर महाराष्ट्राने जी पकड मिळवली ती विलक्षण आहे: कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात ५९७ गुणांसह जगज्जेतेपद मिळवले, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकावले. ते मध्य रेल्वेत, म्हणजे जुन्या जीआयपीच्याच वारसदार रेल्वेत, तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला होते.