बेटावरचे आजोबा

महाडजवळ, सावित्रीच्या काठी आमचे सव हे गाव आहे. गावाची प्रसिद्धी काय ती गरम पाण्याच्या कुंडांची. संधिवाताची माणसे लांबून येतात, कुंडात पाय सोडून बसतात आणि गंधकाच्या वासाला नाक मुरडीत बरे वाटल्याचे सांगून परत जातात. भरतीचे पाणी सावित्रीतून वर चढते आणि ओहोटीला काठचा चिखल उघडा पडतो. मोटारी येण्याआधीच्या काळात याच पाण्यावर मचवे दासगाव-महाडपर्यंत येत आणि उलट वाटेने बाणकोटच्या खाडीतून मुंबईला जात. आमच्या घरातला एक माणूस असाच एका ओहोटीला गेला, तो परत आला नाही.

तो कोण, हे नीट सांगावयाचे तर माझ्या आजीच्या आजेसासऱ्यांचा धाकटा भाऊ. घरात त्याला सगळे 'बेटावरचे आजोबा' म्हणत. सर्वपित्री अमावास्येला आमच्या घरी एक पान जास्तीचे वाढले जाई. त्यावर भात, वरण, भोपळ्याची भाजी आणि वडा असे सगळे रीतसर असे. फक्त नाव घ्यावयाची वेळ आली की आजी नुसते 'बेटावरचे' एवढेच म्हणे. लहानपणी मला वाटे, हेच त्यांचे नाव.

सन १९५३ च्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा महाडला शाळेत जात होतो. मुंबईचे वर्तमानपत्र एखाद्या दिवसाने शिळे होऊन गावात पोचे आणि वडील ते ओसरीवर बसून मोठ्याने वाचीत. विजय हजाऱ्यांचा संघ तेव्हा प्रथमच वेस्ट इंडीजला गेला होता, आणि त्रिनिदाद नावाच्या बेटावर पहिल्याच कसोटीत सुभाष गुप्ते यांनी एका डावात सात गडी टिपले होते. गुप्ते म्हणजे अर्थातच आपले. आमच्या कुलाबा जिल्ह्याला हे आडनाव काही परके नव्हे. वडील वाचता वाचता म्हणाले, "तिथे प्रेक्षकांत निम्मे लोक हिंदीच होते म्हणतात. उसाच्या मळ्यांवर पूर्वी नेलेले." आतून आजी उंबऱ्यापर्यंत आली. म्हणाली, "अरे, मग त्या गुप्त्याला पत्र घाल की. आपलं कोणी भेटलं का म्हणावं तिथं?"

वडील हसले; मी मात्र हसलो नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत नकाशा काढून मी ते बेट शोधले, आणि तेव्हापासून पंचाहत्तर वर्षांच्या आतबाहेर त्या बेटाने माझा पिच्छा सोडलेला नाही. पुढे मास्तरकी पत्करली, भूगोल शिकवला, आणि वर्गात दक्षिण अमेरिका आली की मुलांना उगाच दहा मिनिटे त्रिनिदादवर थांबवून ठेवले. आज वाचकांनाही थांबवतो.

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून हे बेट जेमतेम सात मैलांवर आहे. मधल्या सामुद्रधुन्यांना नाविकांनी 'सर्पमुख' आणि 'ड्रॅगनमुख' अशी भयंकर नावे दिली आहेत. त्रिनिदाद आणि शेजारचे टोबॅगो ही दोन बेटे मिळून एक स्वतंत्र देश होतो. क्षेत्रफळ सुमारे ५,१३० चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या रायगड जिल्ह्यापेक्षा कमी. वस्ती सुमारे १४ लाख, म्हणजे जिल्ह्याच्या निम्मी! उत्तरेला डोंगराची रांग आहे. तिचे उंच शिखर ९४० मीटरचे, म्हणजे महाबळेश्वरापुढे थिटेच. मधे सपाट जमीन, तीत पूर्वी ऊस असे, आणि भात. पाऊस जूनमध्ये लागतो तो डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. कोकणातल्या माणसाला तिथे परके वाटण्याचे फारसे कारण नाही.

पण माझे मन जडले ते दक्षिणेकडच्या ला ब्रेआ येथील डांबराच्या तळ्यावर. शंभर एकरांचे तळे, आणि त्यात पाण्याऐवजी डांबर! वरून चालता येते. एका ठिकाणी फार वेळ उभे राहिले तर मात्र पाय हळूहळू रुतू लागतो. १५९५ साली सर वॉल्टर रॅले सोन्याच्या शोधात तिथे गेला. सोने मिळाले नाही, तेव्हा त्याने आपल्या जहाजांच्या फटी या डांबराने बुजवून घेतल्या. त्याच मुलखात चिखल ओकणारे लहान ज्वालामुखीही आहेत. आमच्या सवच्या कुंडाशी बसून हे वाचताना मला नेहमी वाटत आले की पृथ्वीच्या पोटातली धग सगळीकडे सारखीच. कुठे तिचे गरम पाणी होते, कुठे डांबर, आणि कुठे खनिज तेल. त्रिनिदाद आज खाऊनपिऊन सुखी आहे तो याच तेलावर आणि वायूवर.

कोलंबसाला हे बेट ३१ जुलै १४९८ रोजी दिसले. तीन टेकड्या एकत्र दिसल्या म्हणून त्याने ख्रिस्ती त्रयीचे नाव बेटाला दिले, असे सांगतात. पुढची तीनशे वर्षे स्पेनची. १७९७ मध्ये इंग्रजांनी ते घेतले. मळ्यांवर राबत होते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. १८३४ साली इंग्रजांच्या राज्यात गुलामगिरी बंद झाली, १८३८ मध्ये उरलीसुरली बंधनेही गेली, आणि मोकळी झालेली माणसे मळ्यांकडे पाठ फिरवून निघाली. त्यांनी तसे करू नये तर काय करावे? मळेवाल्यांना मात्र ऊस तोडायला माणूस हवा होता, आणि माणूस स्वस्त कुठे मिळतो हे इंग्रजाला पक्के ठाऊक होते.

'फतेल रझाक' नावाचे जहाज १६ फेब्रुवारी १८४५ ला कलकत्त्याहून निघाले. एकशे तीन दिवसांनी, ३० मे रोजी, ते त्रिनिदादला लागले. त्यावर सव्वादोनशेच्या आसपास माणसे होती. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार हिंदी माणसे या बेटावर उतरली. पाच वर्षांचा करार असे. करार म्हणजे 'ॲग्रीमेंट'. ते आमच्या लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झाले आणि करारबद्ध माणूस झाला 'गिरमिट्या'. परवान्याशिवाय मळा सोडला तर तुरुंग, काम चुकले तरी तुरुंग. गुलाम विकत घेतलेला असे, गिरमिट्या भाड्याने घेतलेला. आणि भाड्याच्या बैलाचे हाल घरच्या बैलापेक्षा जास्त होतात, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. जहाजावर जातपात राहिली नाही. एकाच जहाजातून आलेले ते 'जहाजी भाई', आणि हे नाते पुढे सख्ख्या नात्याइतके पाळले जाई.

बहुतेक माणसे संयुक्त प्रांत आणि बिहारकडची; भोजपुरी बोलणारी. त्यांनी काय काय नेले ते पाहण्यासारखे आहे. डाळ भरलेली पोळी तिथे 'डालपुरी' म्हणून आजही खातात. आपल्या पुरणपोळीची ती तिखट बहीणच म्हणावयाची. दोन वड्यांत छोले घालून 'डबल्स' नावाचा पदार्थ सकाळी रस्त्यावर उभ्याने खातात, आणि तो निग्रो, हिंदी, चिनी असा भेद न करता सगळे बेट खाते. ढोलकीवरच्या एका गाण्याच्या प्रकाराला त्यांनी चक्क 'चटणी' हे नाव दिले आहे. मोहरमचे ताबूत तिथे 'होसे' झाले आणि आपल्याकडच्या गावोगावच्या ताबुतांसारखेच त्यांत हिंदूही नाचू लागले. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सरकारने सॅन फर्नांडो येथे याच मिरवणुकीवर बंदुका चालवल्या. कित्येक माणसे मेली. मजुरांनी एकत्र येऊन ढोल वाजवणे मळेवाल्यांना मानवणारे नव्हते.

ढोलाची भीती त्यांना आफ्रिकी लोकांच्या बाबतीतही होतीच. त्यांच्या कातडी ढोलांवर बंदी आली, तेव्हा त्यांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे १९३०-४० च्या सुमारास रिकाम्या पिंपांची तोंडे ठोकून ठोकून त्यांतून सप्तसूर काढले. तेलाच्या पिंपातून वाद्य! मी ते प्रथम ध्वनिमुद्रिकेवर ऐकले तेव्हा जलतरंग म्हणूनच ऐकत होतो.

या सगळ्यात मराठी माणूस कुठे? हा प्रश्न मी बरीच वर्षे चुकीच्या ठिकाणी विचारीत होतो. त्रिनिदादची जहाजे बहुतेक कलकत्त्याहून सुटली, काही मद्रासेहून. मुंबईहून माणसे गेली ती मुख्यतः दुसऱ्याच बेटावर, मॉरिशसला. तिथे 'ॲटलस' जहाजाने २ नोव्हेंबर १८३४ रोजी पहिले गिरमिट्ये उतरवले. पुढे रत्नागिरी, सातारा, सावंतवाडी अशा भागांतली माणसे मुंबईहून तिकडे गेली. त्यांना तिथे 'बंबई' असेच म्हणू लागले. त्यांच्या वंशजांनी मराठी शाळांतून टिकवली, गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी मिळवली, आणि आपली कोकणातली जाखडीसुद्धा गणपतीपुढे अजून नाचतात. आमचे बेटावरचे आजोबा गेले असतील तर तिथेच, हे मला चाळिशीत उमगले. मनात थोडा खट्टू झालो, हे कबूल करतो. एवढी वर्षे जिच्याशी सोयरीक मानली ती भलतीच निघावी, तसे झाले.

तरी कोकणाचे त्रिनिदादशी एक नाते निघालेच, आणि ते मला गोखल्यांच्या चरित्रात सापडले. गोपाळ कृष्ण गोखले रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात गिरमिटाची पद्धत समूळ बंद करावी असा ठराव मांडला. गैरसरकारी हिंदी सभासद त्यांच्या बाजूने उभे राहिले. सरकारी बहुमताने ठराव पाडला. १९१५ मध्ये गोखले गेले. पुढच्याच वर्षी मदन मोहन मालवीयांनी तोच विषय पुन्हा आणला आणि या वेळी सरकारला मान तुकवावी लागली. १९१७ साली त्रिनिदादला गिरमिट्यांचे शेवटचे जहाज लागले. त्या जहाजाचे नाव होते 'गँजीस', म्हणजे गंगा! ज्यांच्यासाठी गोखले भांडले त्यांतल्या किती जणांना कोतळूक हे नाव माहीत असेल? आणि आपल्याकडे तरी गोखले म्हटले की सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी आठवते, ही मजुरांची गोष्ट कोणाला आठवते?

गुप्त्यांचे पुढे काय झाले, तेही सांगतो, कारण ते मला अजून सलते. त्या १९५३ च्या दौऱ्यात त्यांनी पाच कसोट्यांत २७ बळी घेतले, आणि सॅन फर्नांडोच्या हिंदी वंशाच्या एका मुलीशी त्यांची ओळख झाली. पत्रे गेली, आली, लग्न झाले. १९५८ मध्ये कानपूरला त्यांनी वेस्ट इंडीजचे एका डावात नऊ गडी बाद केले. सोबर्ससारखा माणूस त्यांना आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर मानीत असे. १९६१ च्या डिसेंबरात दिल्लीच्या हॉटेलात त्यांच्या खोलीतल्या सोबत्याने स्वागतिकेला फोन केला. तिने तक्रार केली. आणि सोबत्याला आवरले नाही म्हणून गुप्तेही संघाबाहेर गेले. पुढचा दौरा नेमका वेस्ट इंडीजचाच होता. सासुरवाडीच्या बेटावर संघ गेला, जावयाला वगळून. वय बत्तीस, बळी १४९, आणि कारकीर्द संपली. ते त्रिनिदादलाच जाऊन राहिले. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने त्याच पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजवर आपला पहिला कसोटीविजय मिळवला. कोवळ्या गावसकरने त्या मालिकेत ७७४ धावा काढल्या आणि त्रिनिदादच्या एका कॅलिप्सो गायकाने त्याच्यावर गाणे रचले. ३१ मे २००२ रोजी गुप्ते तिकडेच वारले. तिथल्या हिंदी लोकांचा 'आगमन दिन' त्याच्या आदल्या दिवशी असतो.

त्रिनिदाद ३१ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाले. १९६६ पासून तिथे दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते. बांबू चिरून, वाकवून त्यांच्या कमानी, चक्रे, मोर करतात आणि त्यांवर मातीच्या शेकडो पणत्या मांडतात. सगळ्या जातिधर्मांचे लोक गाड्या थांबवून पाहतात म्हणे. बांबू आमच्याही काठी रगड आहे, पण हे आम्हाला कधी सुचले नाही. यंदा नातवंडांकडून एक कमान करून घेतली आहे. अंमळ वाकडी झाली आहे.

आता बेटावरच्या आजोबांविषयी. मॉरिशसला उतरलेल्या माणसांची पटे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत. त्यांत नाव, बापाचे नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण असे सगळे आहे. हे कळले तेव्हा मी पत्र लिहावयास बसलो, आणि पहिल्याच ओळीला अडलो. नाव काय लिहू? आमच्या घरी त्यांची आठवण राखली ती बायकांनी, आणि वडीलधाऱ्या पुरुषाचे नाव तोंडाने घेणे हे त्या बायकांच्या रीतीत बसणारे नव्हते. पणजीने घेतले नाही, आजीने घेतले नाही. तीन पिढ्या मानाने अबोल राहिल्या आणि नाव गेले. पुरुष मंडळी काय करीत होती, हे विचारू नका. त्यांना पान कोणाचे हेही धड ठाऊक नसे.

त्रिनिदादची हिंदी मुले बापाच्या आईला कोणत्या नावाने हाक मारतात, हे मला अगदी अलीकडे, एका पुस्तकात वाचावयास मिळाले. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा न येणारी मुलेसुद्धा तिला 'आजी' म्हणतात. भोजपुरीतला आजा आणि आजी. मी ते पान दोनदा वाचले. माझी आजी १९६४ साली गेली. तिला हे सांगावयास हवे होते.

परवाच्या सर्वपित्रीला सुनेने नेहमीप्रमाणे जास्तीचे पान वाढले. नात इंग्रजी शाळेत जाते, तिने विचारले, "आजोबा, हे कोणत्या बेटावरचे?" मी तिला आधी मॉरिशस दाखवले, मग बोट तसेच पुढे नेऊन त्रिनिदादही दाखवले. तेवढ्यात कावळा येऊन वडा घेऊन गेला.