विंडोजची हरवलेली किल्ली : बंद संगणकातून शोध

विंडोज, ऑफिस यांसारखे विकत घेतलेले सॉफ्टवेअर पुन्हा बसवायचे आहे, त्याची प्रॉडक्ट की हाताशी नाही आणि ती ज्या संगणकात पूर्वी टाकली होती तो सुरूच होत नाही, अशा वेळी ती किल्ली त्याच्या डिस्कवरून किंवा मदरबोर्डवरून काढण्याची क्रिया. संगणक बूट होत नाही म्हणजे त्यातले सगळेच गेले असे नाही. पुष्कळदा विंडोजच्या काही फायली बिघडलेल्या असतात आणि डिस्क धडधाकट असते. कधी डिस्क गेलेली असते पण बोर्ड चालू असतो. कधी याच्या उलट. तरीही पहिला प्रश्न बिघाडाचा नसून संगणक कोणत्या सालचा आणि त्यात विंडोज कोणत्या वाटेने आली, हा असतो. तो न विचारता एखादे ‘की फाइंडर’ चालवले, तर पंचवीस अक्षरे मिळतात खरी, पण पुष्कळदा ती कुठेच चालत नाहीत.

विंडोज ९५ च्या दुकानात मिळणाऱ्या प्रतीला दहा अंकी क्रमांक असे : आधी तीन अंक, मग सात. त्या सात अंकांच्या बेरजेला सातने निःशेष भाग जातो का, एवढीच मुख्य तपासणी होती. सात वेळा एक लिहिले तरी काम भागे, त्यामुळे तेव्हा किल्ली हरवण्याचे कोणाला फारसे सोयरसुतक नव्हते. विंडोज ९८ पासून पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांची २५ अक्षरी किल्ली रूढ झाली. २००१ च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज एक्सपीने तिला ॲक्टिव्हेशनची, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरकडून मान्यता घेण्याची जोड दिली. किल्ली जपून ठेवण्याची खरी गरज तेव्हापासूनची.

या किल्लीत इंग्रजी वर्णमालेतली सतरा अक्षरे आणि सात अंक अशी २४ चिन्हेच वापरली जातात. स्वर नाहीत, एल, एन, एस आणि झेड नाहीत, शून्य, एक आणि पाच हे अंकही नाहीत. लॅपटॉपच्या पोटावरचे घासून पुसट झालेले स्टिकर वाचताना ही माहिती फार उपयोगी पडते. शून्य दिसले तर ते डी किंवा क्यू असणार, पाच किंवा एस वाटले तर सहा, आठ, जी आणि बी ताडून पाहावेत, एक दिसला तर तो सात किंवा जे असण्याचा संभव जास्त. बी आणि आठ मात्र दोन्ही वैध असल्याने तिथे भिंग आणि तिरपा उजेड यांवाचून गत्यंतर नाही. विंडोज ८ पासून किल्लीत एन हे अक्षरही येऊ लागले.

रजिस्ट्रीतील नोंद : विंडोज बसवताना टाकलेली किल्ली रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, ‘डिजिटलप्रॉडक्टआयडी’ या नावाच्या मूल्यात साठवली जाते. हे मूल्य उघड्या डोळ्यांनी वाचता येत नाही. त्यातल्या ५२ व्या स्थानापासून पुढचे १५ बाइट हीच किल्ली. ते १५ बाइट मिळून एक प्रचंड संख्या होते. तिला पुन्हापुन्हा २४ ने भागत गेले की प्रत्येक बाकी एक अक्षर देते, आणि शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत किल्ली उलट्या क्रमाने उलगडते. यात गुप्तलेखन असे काहीच नाही, निव्वळ अंकगणित आहे. विंडोज ८ नंतर एन कोणत्या जागी घालायचा एवढी एक पायरी वाढली. रजिस्ट्रीतून किल्ली काढताना बाजारातील किंवा फुकट मिळणारे कोणतेही ‘की फाइंडर’ याहून वेगळे काही करत नाही. निरसॉफ्टचे ‘प्रोड्युकी’ आणि ‘मॅजिकल जेली बीन कीफाइंडर’ ही त्यांतली जुनी, जाणती नावे. दोन्हींना दुसऱ्या डिस्कवरच्या विंडोजचा पत्ता देता येतो. पहिल्याला अनेक अँटिव्हायरस घातक ठरवतात, कारण तेच साधन चोरही वापरू शकतो.

रजिस्ट्री हा प्रत्यक्षात काही फायलींचा संच आहे आणि विंडोज बंद असतानाही त्या डिस्कवर पडून असतात. आपल्याला हवी ती ‘सॉफ्टवेअर’ नावाची, कोणतेही एक्स्टेन्शन नसलेली फाइल. ती विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम३२ च्या आत कॉन्फिग या फोल्डरात असते. तिथे पोचण्याच्या वाटा दोन. डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने, किंवा छोटी एनव्हीएमई डिस्क असेल तर तिच्या केसमध्ये घालून, दुसऱ्या चालू संगणकाला जोडावी. ही जोडणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळते. किंवा डिस्क जागच्या जागी ठेवून विंडोजच्या इन्स्टॉलेशनचा बूटेबल पेनड्राइव्ह लावावा आणि भाषा निवडण्याचा पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ१० एकदम दाबावे. काळी कमांड खिडकी उघडते. तिच्यात नोटपॅड सुरू करून फाइल उघडण्याची चौकट आणली आणि त्यात सर्व प्रकारच्या फायली दाखवायला सांगितले, की सगळे ड्राइव्ह दिसतात. हे करावेच, कारण एरवीचा सी ड्राइव्ह इथे डी किंवा ई झालेला असू शकतो. ‘सॉफ्टवेअर’ फाइलची प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्यावी. मूळ फाइलला हात लावू नये.

मग त्याच खिडकीतून, किंवा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली असेल तर त्या संगणकावर, रेजएडिट हा रजिस्ट्री संपादक चालवून एचकी लोकल मशीन निवडावे, फाइल मेनूतील ‘लोड हाइव्ह’ने ती प्रत उघडावी आणि तिला तात्पुरते काहीही नाव द्यावे. त्या नावाखाली मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन असे उतरत गेले की ते मूल्य सापडते. इथे हमखास फसगत होते ती एका ठिकाणी : पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या विंडोजलाही स्वतःची रजिस्ट्री असते. हाइव्ह लोड न करता नेहमीच्या जागी पाहिले, तर दिसते ते पेनड्राइव्हवरच्या विंडोजचे. बंद पडलेल्या संगणकाचे नव्हे. ‘की फाइंडर’ला जुन्या विंडोजचा पत्ता द्यायला विसरलात तरी हेच घडते.

लिनक्स जाणणाऱ्यांची वाट आणखी सरळ आहे. उबंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर ‘सीएचएनटीपीडब्ल्यू’ हा प्रोग्रॅम बसवता येतो. विसरलेले विंडोज पासवर्ड पुसण्यासाठी तो प्रसिद्ध आहे, पण त्यातल्या रजिस्ट्री संपादकात ‘डीपीआय’ अशी एक आज्ञाही आहे आणि ती हे मूल्य उलगडण्यासाठीच आहे.

मूळ फाइल खराब असेल (तिच्या आरंभी ‘रेगएफ’ ही चार अक्षरे नसणे ही त्याची खूण), तर तिच्या जुन्या प्रती शोधाव्यात. एक्सपीच्या काळात ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’मधील रिस्टोअर पॉइंटांत रजिस्ट्रीच्या संपूर्ण प्रती असत. विंडोज ७ मध्ये कॉन्फिगच्या आतले ‘रेगबॅक’ फोल्डर हे काम करी. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ही आपोआप घेतली जाणारी प्रत बंद केली. फोल्डर दिसते, आतल्या फायली शून्य केबीच्या. कोणी विंडोज पुन्हा बसवून गेला असेल तर ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरही पाहावे.

सापडलेली किल्ली कोणाची : इथपर्यंत सगळे बिनचूक झाले तरी हाती आलेली किल्ली कामाची असेलच असे नाही. कंपनीने विंडोज घालून विकलेल्या एक्सपी ते विंडोज ७ पर्यंतच्या यंत्रांत उत्पादक एकच सामायिक किल्ली वापरत. त्या उत्पादकाच्या त्या आवृत्तीच्या सर्व संगणकांत रजिस्ट्रीतून तीच निघते. विंडोज मान्यता घेई ती बायोसमधली उत्पादकाची खूण पाहून. ग्राहकाची स्वतःची किल्ली केसवरच्या किंवा बॅटरीखालच्या स्टिकरवर छापलेली असे आणि ती बहुधा कधीच टाकली गेलेली नसे. म्हणून अशा यंत्राच्या डिस्कमध्ये डोके घालण्याआधी ते उलटे करून पाहावे. मोठ्या कार्यालयांच्या सामूहिक परवान्यात आणखी एक गंमत होते : विंडोज ती किल्ली मुद्दाम पुसून टाकते, १५ ही बाइट शून्य उरतात आणि फाइंडर पंचवीस वेळा बी लिहून मोकळा होतो. ही साधनाची चूक नसते. तिथे वाचण्यासारखे काही राहिलेलेच नसते.

२०१२ साली विंडोज ८ आली आणि स्टिकरवरची किल्ली गेली. उत्पादक आता प्रत्येक यंत्राची स्वतंत्र किल्ली मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये ‘एमएसडीएम’ नावाच्या ८५ बाइटांच्या छोट्या तक्त्यात लिहितो. त्यातले शेवटचे २९ बाइट म्हणजे २५ अक्षरे आणि मधल्या चार रेघा, साध्या वाचता येण्याजोग्या मजकुरात. डिस्क जळाली, हरवली, कोणी फॉरमॅट मारला, तरी ही किल्ली जागची हलत नाही. लाइव्ह उबंटूत प्रशासकाच्या हक्काने सिस, फर्मवेअर, एसीपीआय, टेबल्स या फोल्डरांमधून जाऊन एमएसडीएम फाइल उघडली की ती समोर येते. खरे तर एवढे करण्याचीही गरज नसते. त्याच आवृत्तीची विंडोज बसवताना इन्स्टॉलर ही किल्ली आपणच वाचतो. धोका आहे तो बोर्डाच्या दुरुस्तीत : बायोस चिपवर दुसऱ्याच यंत्राची प्रत चढवली तर मूळ किल्ली पुसली जाते. चांगला कारागीर आधी जुन्या चिपची प्रत काढून ठेवतो. ती मागून घ्यावी. बोर्ड पूर्ण मेला असेल तरी ती चिप ‘प्रोग्रॅमर’ या उपकरणाने बाहेरून वाचता येते. पण उत्पादकाने दिलेला परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो. किल्ली मिळाली म्हणून तो नव्या यंत्रावर नेण्याचा हक्क मिळत नाही. तो हक्क सुट्या विकत घेतलेल्या परवान्यालाच असतो.

२०१५ च्या जुलैत आलेल्या विंडोज १० ने किल्लीचे महत्त्वच कमी केले. विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट बढती घेतलेल्या संगणकांना वेगळी किल्ली मिळालीच नाही. त्यांच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली गेली. अशा डिस्कवरून निघते ती सर्वांसाठी एकच असलेली नाममात्र किल्ली. प्रो आवृत्तीत तिचा शेवटचा गट ३-व्ही-६-६-टी, होम आवृत्तीत ८-एच-व्ही-एक्स-७. हे गट दिसले की शोध तिथेच थांबवावा. त्याच बोर्डवर विंडोज पुन्हा बसवताना ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय निवडला आणि पूर्वीचीच आवृत्ती घेतली, तर इंटरनेट मिळताच ॲक्टिव्हेशन होते. बोर्ड बदलला असेल तर परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला असणे आवश्यक; ही सोय २०१६ च्या १६०७ आवृत्तीपासूनची. विंडोज ७ च्या जुन्या स्टिकरवरची किल्ली नव्या विंडोजला चालवून घेण्याची पळवाट मात्र मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या सप्टेंबरात बंद केली.

ऑफिसचीही अशीच तऱ्हा. २००७ पर्यंतच्या आवृत्त्यांची पूर्ण किल्ली रजिस्ट्रीतून त्याच अंकगणिताने निघते, २०१० ची निघते पण त्या मूल्यातली जागा वेगळी आहे. २०१३ पासून संगणकावर फक्त शेवटची पाच अक्षरे ठेवली जातात. त्यांवरून उरलेली वीस कोणीही काढून देऊ शकत नाही. तसे सांगणारा प्रोग्रॅम फसवा समजावा. त्या पाच अक्षरांचा उपयोग एवढाच, की कपाटातल्या चार कार्डांपैकी या संगणकाचे कोणते ते ओळखता येते.

डिस्कची स्थिती : डिस्क टकटक आवाज करत असेल तर कोणतेही साधन चालवण्याआधी जीएनयू डीडीरेस्क्यूने तिची पूर्ण प्रत काढावी आणि पुढचे काम त्या प्रतीवर करावे. त्या डिस्कवर फोटो आणि हिशेब असतील तर किल्ली हा दुय्यम विषय आहे. नव्या लॅपटॉपांत डिस्क बहुधा बिटलॉकरने कुलूपबंद असते. ती उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते आणि घरगुती संगणकाची ती सहसा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. ती नसेल तर रजिस्ट्रीपर्यंत पोचता येत नाही. एमएसडीएमला मात्र याची बाधा नाही, कारण तो तक्ता डिस्कवर नाहीच.

इतर सॉफ्टवेअर : विंडोजची ही रीत सर्वांना लागू नाही. टॅलीप्राइमचा परवाना सिरियल नंबर आणि नोंदवलेला ईमेल यांवर चालतो. जुने यंत्र चालू असेल तर त्यावरून परवाना आधी सरेंडर करतात. ते बंद पडले असेल तर खात्यात जाऊन तो रीसेट करून घ्यावा लागतो. पुण्याच्या क्विक हीलची २० अक्षरी किल्ली खोक्यावर किंवा खरेदीच्या ईमेलमध्ये शोधणे डिस्क उघडण्यापेक्षा सोपे. मराठी डीटीपीवाल्यांच्या परिचयाच्या श्रीलिपीसारख्या प्रणालींना डोंगल असे, म्हणजे परवाना संगणकाच्या पोर्टला लावलेल्या लॉकमध्ये. तिथे डिस्कवर शोधण्यासारखे काही नसते. बंद संगणकाचा लॉक काढून दुसऱ्याला लावायचा आणि मूळ सीडीवरून सॉफ्टवेअर बसवायचे. मात्र जुने डोंगल पॅरलल पोर्टचे असेल तर तसा पोर्ट असलेला संगणक आधी मिळवावा लागतो.