परकी नजर आणि खेड्यातील शाळा

आपल्या खेड्यांचा इतिहास लिहू जाणाऱ्यास एक चमत्कारिक अडचण येते. जो खेड्यात जन्मला, वाढला आणि तेथेच मेला, त्याने आपल्या दिनचर्येविषयी एक ओळही लिहून ठेवलेली नसते. आणि ज्याने लिहून ठेवले, तो बहुधा घोड्यावरून किंवा पालखीतून आलेला आणि एका रात्रीच्या मुक्कामानंतर पुढे गेलेला परका मनुष्य असतो. घरच्याला घरात लिहिण्यासारखे काही दिसत नाही, आणि पाहुण्याला दिसते ते सगळेच नवल वाटते. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर या दोन तालुक्यांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. या भागातील लोकांचे राहणे आणि मुलांचे शिकणे याविषयी परदेशीयांनी काय पाहिले, काय लिहिले आणि त्यांच्या नजरेतून काय निसटले, याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी एकमेकांस लागून आहेत. शहापूर माहुलीच्या किल्ल्याच्या छायेत, मुंबईहून आग्र्यास जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर वसलेले. मुरबाड कल्याणहून नाणेघाटाने जुन्नरास जाणाऱ्या पुरातन वाटेवर. म्हणजे दोन्ही ठिकाणे जगाच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच होती. परंतु वाटेवर असणे निराळे आणि वाटसरूच्या ध्यानात राहणे निराळे.

या वाटेने गेलेल्या इंग्रजांपैकी जॉन फ्रायर याचे नाव प्रथम घ्यावयास हवे. हा ईस्ट इंडिया कंपनीचा शस्त्रवैद्य. १६७५ साली जुन्नरच्या मोगल सुभेदाराने त्यास औषधोपचारासाठी बोलाविले, तेव्हा तो मुंबईहून कल्याण व मुरबाडवरून घाट चढून गेला आणि परत येताना नाणेघाटाने उतरला. १६९८ साली त्याचे प्रवासवर्णन लंडनास छापून निघाले. त्यात या मुलुखाचे जे चित्र आहे ते दैन्याचे आहे: धान्याची टंचाई, सारावसुलीचा जाच, आणि वाटसरूची चाहूल लागताच धास्तावणारे गावकरी. हे चित्र खोटे होते असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि ते मराठे आणि मोगल या दोन झुंजणाऱ्या सत्तांच्या सीमेवरील चित्र होते, हे विसरता कामा नये. आज एका फौजेने वैरण उचलली आणि उद्या दुसरी फौज येणार, अशा दिवसांत सशस्त्र लोक बरोबर घेऊन आलेल्या परक्या पाहुण्यास गावाने कोणती समृद्धी दाखवावी? फ्रायरने पाहिले ते खरेच पाहिले. पण गावाने त्याच्यापुढे कोणता चेहरा धरला होता, याचा विचार त्याने केला नाही.

फ्रायर ज्या घाटाने उतरला त्याच घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहनांचा प्रसिद्ध शिलालेख आहे. मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची पाहणी करणारा कर्नल साइक्स याने १८२८ साली तो प्रथम विद्वानांच्या नजरेस आणला. यज्ञांत दिलेल्या दक्षिणांचे आकडे त्या लेखात कोरलेले आहेत, आणि भारतीय अंकांच्या इतिहासात त्या आकड्यांना मानाचे स्थान आहे. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते आकडे उलगडले. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या घाटात आकडे कोरले गेले, त्याच घाटाखालच्या गावांतील मुले आकडे कसे शिकत होती, असा प्रश्न मात्र परदेशीयांपैकी फारच थोड्यांस पडला. दगडावरील अक्षर वाचण्यास साहेब उत्सुक होता. धुळीवरील अक्षराकडे त्याचे लक्ष उशिरा गेले.

ते ज्यांचे गेले त्यांची हकिकत मोठी मनोरंजक आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ साली कर्नाटकात इक्केरीजवळ असता एका देवळाच्या पडवीत काही मुले अंक शिकताना त्यास दिसली. एका सुरात धडा म्हणत ती तो बोटाने वाळूवर लिहीत होती. वाळू भरली की पुसून पुन्हा पसरीत होती. कागद खर्च होत नव्हता आणि जवळ गुरुजीही नव्हते. मुलेच एकमेकांस शिकवीत होती. आपल्याकडील जुन्या गावठी शाळेत धूळपाटीवर ओलम गिरविणारी, पावकी, निमकी व दिडकी एका आवाजात घोकणारी आणि सायंकाळी परवचा म्हणणारी पोरे ज्यांनी ऐकली असतील, त्यांना या वर्णनात परके असे काहीच वाटणार नाही.

पुढे १७८९ च्या सुमारास मद्रासेस अनाथ मुलांच्या शाळेवर असलेल्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने हीच पद्धत पाहिली आणि आपल्या शाळेत घेतली. विलायतेस परत गेल्यावर १७९७ साली त्याने आपल्या प्रयोगाचे पुस्तक छापले. मोठ्या विद्यार्थ्याने लहानास शिकवावयाचे, या तत्त्वावर बेल आणि लँकेस्टर यांच्या नावाने इंग्लंडात शेकडो शाळा निघाल्या. आणि गंमत अशी की, एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या शाळामंडळीने मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करावयास घेतले, तेव्हा त्यांना शिकविण्यात आली ती हीच लँकेस्टरची 'नवी' पद्धत! आमच्याच ओटीवरचे धान्य विलायतेस जाऊन दळून आले आणि पीठ म्हणून आम्हांस परत मिळाले. अर्थात त्यात छापील पुस्तके, भूगोल आणि हजेरीपट यांची भर पडली होती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांचे तरी आमच्या शाळांविषयी एकमत होते काय? नव्हते. १८२१ साली मुंबईच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट याने लिहून ठेवले की, आपल्या मुलुखात शाळा नाही असे गाव, मग ते लहान असो की मोठे, क्वचितच सापडेल. दोनच वर्षांनी एल्फिन्स्टनने शिक्षणावरील आपले प्रसिद्ध टिपण लिहिले, आणि पाठोपाठ जिल्ह्याजिल्ह्यांतून गावठी शाळांची गणती मागविण्यात आली. तीत भरलेले आकडे मात्र प्रेंडरगास्टच्या विधानास पुरे पडेनात. शंभर वर्षांनंतर, १९३१ साली, गांधीजींनी लंडनास इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील साक्षरता घटली असे विधान केले आणि सर फिलिप हार्टोग यांनी त्यास आव्हान दिले, तेव्हा हेच जुने कागद दोन्ही बाजूंनी बाहेर काढले. आपले शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांनी १९४० साली या गणतीची चिकित्सा करून दाखवून दिले की, सरकारदरबारी नोंदलेल्या शाळा म्हणजे सर्व शिक्षण नव्हे. घरोघरी चालणारे शिकविणे गणतीबाहेरच राहिले होते.

हा वाद विद्वानांस सोडून देऊ. मुरबाड-शहापूरच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, शाळा होती असे मानले तरी ती कोणाची होती? पंतोजीच्या ओटीवर कुळकर्ण्याचा, वाण्याचा, फार झाले तर एखाद्या सुखवस्तू कुणब्याचा मुलगा बसे. परंतु या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात वस्ती आहे ती महादेव कोळ्यांची, ठाकरांची, कातकऱ्यांची आणि वारल्यांची. ही मुले, आणि सर्वच जातींच्या मुली, प्रेंडरगास्टच्या शाळेतही नव्हत्या आणि एल्फिन्स्टनच्या गणतीतही नव्हत्या. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके हेच गाऱ्हाणे मांडले: शेतकऱ्याच्या घामाचा पैसा सरकार वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च करते आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष करते. त्याच वर्षी कँबेलच्या देखरेखीखाली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. जातींची, पिकांची, यात्रांची आणि घाटांची एवढी बारीक माहिती पूर्वी कोणी दिली नव्हती. पण ती माहिती राज्यकारभारासाठी होती. गॅझेटियरातला कातकरी हा वर्णनाचा विषय आहे, शाळेच्या पटावरचे नाव नव्हे.

डोंगरातील लोकांविषयी परदेशीयांनी लिहिले नाही असे मात्र नाही. कोळ्यांच्या बंडाच्या बंदोबस्तात गुंतलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने महादेव कोळ्यांवर निबंध लिहिला. ज्यांचा पाठलाग केला त्यांचीच वंशावळ त्याने आस्थेने नोंदविली. डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने उत्तर कोकणातील वारली व कातोडी यांच्यावर लिहिलेला निबंध १८४३ साली प्रसिद्ध झाला. विल्सनला मराठी उत्तम येत असे आणि मुलींच्या शिक्षणाचे त्याच्या पत्नीने मुंबईत केलेले काम प्रसिद्धच आहे. त्याने वारल्यांस समोर बसवून प्रश्न विचारले. मुलांस तुम्ही काय शिकविता, असे विचारता त्यांनी सांगितले की, आळस करू नको, शेतात राब, लाकडे तोड, शेण गोळा कर, पाणी आण, गुरे बांध, हेच आम्ही शिकवितो. देवाधर्माचे काही शिकविता काय, यावर त्यांना सांगण्यासारखे काही सुचले नाही.

विल्सनला या उत्तरात अज्ञान दिसले. धर्मोपदेशकास ते दिसावे यात नवल नाही. परंतु आज शांतपणे ते उत्तर वाचले म्हणजे ध्यानात येते की, वारल्याने एका वाक्यात आपल्या मुलाचा संपूर्ण अभ्यासक्रम सांगितला होता, आणि त्याबरोबरच मूल शाळेत का येऊ शकत नाही याचे कारणही सांगितले होते. गुरे कोणी बांधावी? पाणी कोणी आणावे? या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून डोंगरातील मुलापुढे पाटी ठेवण्यात अर्थ नव्हता.

हे उत्तर समजून घेण्यास शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांत आगगाडी १८५५ साली वाशिंदास आणि १८६१ साली कसाऱ्यास पोहोचली. मुरबाडपर्यंत मात्र रूळ गेले नाहीत. १८९२ साली शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी मुंबईस जाऊ लागले, आणि पुढे भातसाही त्या कामी लागली. मुंबईची तहान भागविणाऱ्या याच तालुक्यातील पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात बायकामुली हंडे घेऊन लांब जात राहिल्या. ज्या मुलीच्या डोक्यावर हंडा आहे तिच्या हाती पुस्तक कसे यावे, हे कोणत्याही कमिशनाच्या अहवालापेक्षा त्या पायवाटेवर अधिक स्पष्ट लिहिलेले होते.

अखेर १९४५ साली ताराबाई मोडक यांनी जिल्ह्याच्या उत्तर भागात, बोर्डी येथे, बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या, आणि १९५७ साली ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूळ प्रेरणा माँटेसोरी या इटालियन विदुषीची. परंतु माँटेसोरीची महागडी साधने बाजूस ठेवून या दोघींनी शिंपले, बिया, पाने आणि दोरे यांचीच साधने केली. मूल अंगणात असेल तर अंगणात, आणि गुरांमागे कुरणात असेल तर कुरणातच शाळा भरू लागली. 'कुरणशाळा' या एका शब्दात विल्सनच्या वारल्यास मिळालेले उत्तर आहे. बेलने आपली धूळपाटी विलायतेस नेली. ताराबाईंनी विलायती विचार आणून तो आपल्या मातीत मळला. पहिला व्यवहार अजाणता झाला, दुसरा डोळसपणे. म्हणून दुसरा अधिक मोलाचा.

या हकिकतीस अगदी अलीकडचा एक अध्याय जोडावयास हवा, आणि तो मुरबाड तालुक्यातच घडलेला आहे. ८ मार्च २०१६ रोजी फांगणे या लहानशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजीबाई गुलाबी लुगडी नेसून, खांद्याला दप्तर लावून दुपारी शाळेत येऊ लागल्या. पोथी आपली आपल्याला वाचता यावी आणि अंगठा उठविण्याऐवजी सही करता यावी, एवढीच त्यांची इच्छा. ही वार्ता पसरताच देशोदेशीची वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीवाले फांगण्यास धावले. फ्रायरनंतर साडेतीनशे वर्षांनी परकी नजर पुन्हा मुरबाडकडे वळली, आणि या वेळी तिला दैन्य दिसले नाही, कौतुक दिसले.

कौतुक योग्यच आहे. परंतु गुलाबी लुगड्याच्या छायाचित्राशी थांबून इतिहासाचे काम भागत नाही. या आजीबाई ज्या वयात शाळेत जावयाच्या, त्या वयात त्या कोठे होत्या? कडेवर धाकटे भावंड, डोक्यावर हंडा आणि पुढे गुरे, ही त्यांची शाळा होती. मुंबई प्रांताचा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९४७ साली झाला खरा. पण कायद्याचा कागद गावी पोहोचणे निराळे आणि मुलीच्या डोक्यावरचा हंडा खाली उतरणे निराळे. परदेशी पत्रकाराने आजीच्या हातची पाटी पाहिली. ती पाटी साठ वर्षे उशिरा का आली, हे सांगण्याचे काम त्याचे नव्हे, आपले आहे.

परक्यांच्या नजरेवर रागावण्याचे कारण नाही. फ्रायर, साइक्स, विल्सन आणि कँबेल यांनी लिहून ठेवले नसते तर या मुलुखाच्या गतायुष्याविषयी आपण पुष्कळ अंशी अंधारातच राहिलो असतो. तसेच त्या नजरेपुढे मान तुकविण्याचेही कारण नाही. कारण प्रत्येकाने आपल्या कामापुरतेच पाहिले: वैद्याने दैन्य, अधिकाऱ्याने आकडे, मिशनऱ्याने अज्ञान, पत्रकाराने नवल. गावाच्या मुलास काय हवे ते मात्र त्यालाच ठाऊक झाले, जो तेथे येऊन राहिला आणि ज्याने प्रश्न विचारल्यावर उत्तर पुरते ऐकून घेतले. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतून सुटीच्या दिवशी माहुलीच्या किल्ल्यावर किंवा नाणेघाटात जाणारे आपण लोकही त्या खेड्यांस परकेच आहोत. तेव्हा परदेशीयांच्या चुका मोजताना, आपली नजर त्यांच्याहून किती निराळी आहे, हेही एकदा पडताळून पाहावे हे बरे.