क्लबच्या लायसन्सची कुळकथा

२०१५ च्या मे महिन्यात भारतीय फुटबॉलच्या आय-लीगचा हंगाम संपला, तेव्हा गुणतक्त्याच्या तळाला पुण्याचा भारत एफसी होता आणि त्याच्या बरोबर वर गोव्याचा डेम्पो. खालच्या गटात जायचं होतं एकाच संघाला. गेला डेम्पो. पाच वेळा देशाची लीग जिंकलेला, गोव्याच्या फुटबॉलची शान असलेला डेम्पो. भारत एफसी हा कल्याणी समूहाने पैसे भरून थेट प्रवेश घेऊन उतरवलेला नवा संघ होता आणि अशा संघांना सुरुवातीला घसरण माफ होती. पुढच्या हंगामात तेच पुन्हा घडलं. पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स नऊ संघांत शेवटचा आला, पण उतरावं लागलं आठव्या आलेल्या मिझोरामच्या ऐजॉलला.

मैदानावर हरलेला वर राहतो आणि त्याच्यापेक्षा बरा खेळलेला खाली जातो, हे कुठल्याही खेळाडूच्या पचनी पडणं अवघड. तरी फुटबॉलमध्ये गुणांखेरीज आणखी काहीतरी तपासलं जातं, ही गोष्ट नवी नाही. ज्या व्यवस्थेत ते तपासलं जातं तिला क्लब लायसन्स म्हणतात. थेट प्रवेश निराळा आणि लायसन्स निराळं, पण भारतात दोन्ही आगेमागे एकाच दारातून आली आणि त्यांची सरमिसळ झाली. म्हणून लायसन्सचं मूळ कुळ नीट पाहायला हवं.

ते सापडतं जर्मनीत. १९६३ साली पश्चिम जर्मनीने बुंडेसलिगा नावाची एकच राष्ट्रीय लीग सुरू केली. जागा १६ आणि अर्ज ४६. निवड करताना आधीच्या बारा वर्षांची कामगिरी पाहिली, तशी तिजोरीही पाहिली आणि स्टेडियमही. म्युनिकमधून १८६० म्युनिकची निवड झाली, बायर्न म्युनिक बाहेर राहिला. आज जगभर ज्याचा दबदबा आहे तो क्लब त्या पहिल्या यादीत नव्हता.

दोनच वर्षांत या व्यवस्थेची कसोटी लागली. १९६५ मध्ये हेर्था बर्लिनने खेळाडूंना ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पैसे दिल्याचं उघड झालं आणि त्याला वरच्या लीगमधून काढण्यात आलं. पण विभागलेल्या बर्लिनचा एकही संघ लीगमध्ये नसणं राजकारणाला परवडणारं नव्हतं. म्हणून बर्लिनच्याच टास्मानिया या संघाला वर ओढून घेतलं. टास्मानियाने त्या हंगामात दोन सामने जिंकले आणि १०८ गोल खाल्ले. बुंडेसलिगातली सर्वांत वाईट कामगिरी म्हणून ती आजही सांगितली जाते. हिशेबात चुकलेल्याला शिक्षा करणं योग्यच होतं. त्याची रिकामी जागा खेळाच्या जोरावर न भरता सोयीने भरली, तिथे घोळ झाला. पुढे पुण्याच्या बाबतीत जे घडलं त्याची ही पहिली आवृत्ती.

युरोपच्या फुटबॉल महासंघाने २००४-०५ च्या हंगामापासून आपल्या स्पर्धांसाठी लायसन्स सक्तीचं केलं. त्याचे पाच भाग होते: खेळ म्हणजे मुख्यतः युवा संघ, मैदान व सोयी, माणसं व कारभार, कायदा आणि पैसा. हीच पाच कलमं पुढे आशियाने उचलली.

या सगळ्यात स्कॉटलंडची गोष्ट निराळी आणि जास्त शिकवणारी आहे. तिथली फुटबॉल लीग १८९० ची, पण खालचं दार जवळजवळ शंभर-सव्वाशे वर्षं बंदच होतं. शेवटच्या गटात शेवटचा आलेला संघ कुठेही उतरत नसे. ईस्ट स्टर्लिंगशायर २००३ ते २००७ असे सलग पाच हंगाम तळाला राहिला आणि दर वेळी तिथेच खेळत राहिला. बाहेरच्या संघाला आत यायचं तर जागा रिकामी व्हावी लागे आणि सभासदांनी मत द्यावं लागे. १९९४ मध्ये इनव्हरनेस आणि रॉस काउंटी असेच मतांवर आत आले.

मग २०१२ साली रेंजर्स बुडाला. ग्लासगोचा हा बलाढ्य क्लब कर्जाने दिवाळखोरीत गेला आणि नव्या कंपनीच्या नावाने परत उभा राहिला. त्याला कुठे घ्यायचं यावर खालच्या लीगमधल्या क्लबांचं मतदान झालं. तीसपैकी पंचवीस क्लबांनी सांगितलं की सर्वांत खालच्या गटातून सुरुवात करा. जुलै २०१२ मध्ये रेंजर्सचा पहिला सामना झाला ब्रेचिन नावाच्या छोट्या गावात, ग्लेब पार्कवर. तिथे मैदानाच्या एका बाजूला भिंत नाही, झुडपांचं उंच कुंपण आहे. युरोपियन कप विनर्स चषक जिंकलेला क्लब त्या कुंपणाशेजारी जादा वेळ खेळून कसाबसा २-१ ने जिंकला.

त्या हादऱ्याने व्यवस्था बदलली. २०१३ मध्ये वरच्या आणि खालच्या लीग एका छत्राखाली आल्या, दक्षिणेकडच्या क्लबांसाठी लोलँड लीग निघाली, उत्तरेत १८९३ पासूनची हायलँड लीग होतीच. २०१४-१५ पासून या दोन लीगच्या विजेत्यांना वर चढायची आणि तळाच्या संघाला उतरायची वाट खुली झाली. २०१६ मध्ये ईस्ट स्टर्लिंगशायर अखेर उतरला. त्याला हरवून वर गेला एडिनबर्ग सिटी. २०२१ मध्ये झुडपांच्या कुंपणाचा ब्रेचिनही उतरला.

या शिडीबरोबर लायसन्सही होतं, पण पायरीपायरीचं. प्रवेश, कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा त्याच्या श्रेणी. खालच्या क्लबाला खालच्या श्रेणीच्या अटी, वर चढाल तशा अटी वाढणार. अटींत सूट मात्र नाही. बॉनिरिग रोझ हा खाणकामगारांच्या गावचा क्लब २०१९ मध्ये आपली लीग जिंकूनही लायसन्स हाती येईपर्यंत थांबला होता. पुढे तो राष्ट्रीय लीगमध्ये पोचला, पण त्याचं मैदान एका अंगाला उतरतं आहे. ते सपाट करण्याची अट पाळली नाही म्हणून २०२४ मध्ये त्याचे सहा गुण कापले गेले आणि २०२५ मध्ये ईस्ट किलब्राइडकडून हरून तो खाली गेला. गावकऱ्यांना हे जिव्हारी लागलं असणार. पण तिथे एक गोष्ट आहे जी डेम्पोच्या वाट्याला आली नाही: नियम सगळ्यांना सारखा होता.

भारतात लायसन्स आलं आशियाई महासंघाच्या दबावामुळे. व्यावसायिक क्लब असतील तरच आशियाई स्पर्धांत जागा, असं महासंघ म्हणू लागला आणि आय-लीगमधल्या क्लबांपुढे ती पाच कलमं आली. २०१४ मध्ये त्याचा तडाखा बसला. गोव्याचा चर्चिल ब्रदर्स, कोलकात्याचा युनायटेड आणि शिलाँगचा रंगदाजिएद हे तीन क्लब निकषांत बसले नाहीत म्हणून लीगबाहेर गेले. चर्चिलने आदल्याच वर्षी लीग जिंकली होती आणि त्या वर्षी फेडरेशन चषकही.

निकषांत चूक नव्हती. खेळाडूंचे पगार थकणं, युवा संघ नसणं, कागदपत्रं अर्धवट असणं हे भारतीय क्लबांचे जुने रोग होते. पण बाहेर काढलेल्या क्लबाने जायचं कुठे? खाली पक्की लीग नव्हती. आणि रिकाम्या जागा थेट प्रवेशाने, म्हणजे पैशाने भरल्या जात होत्या. पैसा आला म्हणजे कागद आपोआप नीट होतील, असा हिशेब होता. तो महाराष्ट्रातच चुकला. मैदानावर खेळून वर आलेला पुणे एफसी २०१३ मध्ये देशात दुसरा आला होता, तो २०१५ मध्ये बंद झाला. भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी २०१७ मध्ये मिटले. कंपनीच्या ताळेबंदावर उभे असलेले क्लब कंपनीने मन बदललं की गेले. २०१६ मध्ये इंडियन सुपर लीगला (आयएसएल) आय-लीगच्या वर ठेवणाऱ्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ साळगावकर, स्पोर्टिंग आणि खालच्या गटातून परत वर आलेला डेम्पो हे गोव्याचे क्लबही बाहेर पडले. त्यांच्या जाण्याने ऐजॉलला परत जागा मिळाली आणि २०१७ मध्ये, एका वर्षापूर्वी उतरवलेला तोच ऐजॉल भारताचा विजेता ठरला. ईशान्येचा पहिलाच.

याच महाराष्ट्रात कोल्हापूरचं उदाहरण उभं आहे. तिथले फुटबॉल संघ तालमींचे आणि पेठांचे: पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब. १९४० पासूनची कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन त्यांची लीग चालवते, शाहू स्टेडियम भरतं, वर्गणी गल्लीतून निघते. यातला एकही क्लब कुणा कंपनीने मन बदललं म्हणून बंद पडलेला नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा.

आता मराठवाड्याकडे पाहू, जिथे क्लबांची शिडी अजून उभी राहायची आहे. नांदेड आणि लातूर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या काळात हैदराबाद म्हणजे भारतीय फुटबॉलची राजधानीच. सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत जाऊन रोव्हर्स चषक जिंकला. राज्यांची फेररचना झाली आणि नांदेडच्या फुटबॉलचं वरचं कार्यालय हैदराबादऐवजी मुंबईच्या कूपरेजवर गेलं. अंतर दुप्पट झालं आणि जवळची मोठी फुटबॉल परंपरा राज्याच्या हद्दीपलीकडे राहिली. नांदेडला पुढे ओळख मिळाली ती हॉकीमुळे, गुरू गोविंदसिंगजींच्या नावाच्या अखिल भारतीय सुवर्ण-रौप्य चषकामुळे.

तरीही इथल्या मुलांसाठी फुटबॉलची एक शिडी आहे आणि ती चांगली आहे. १९६० पासूनचा सुब्रतो चषक शाळांमार्फत खेळला जातो. नांदेडच्या शाळेचा संघ जिल्हा जिंकला की लातूर विभागात जातो, विभाग जिंकला की राज्यात आणि राज्य जिंकलं की दिल्लीत. राज्याचे शालेय क्रीडेचे जे आठ विभाग आहेत, त्यात लातूर हा एक आहे. पायऱ्या ठरलेल्या, वयाचे दाखले तपासलेले, जिंकला तो पुढे. सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यभर दहा लाख मुलांना एका दिवशी फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला, तेव्हा शाळाशाळांत चेंडूही पोचले.

ही शिडी सतराव्या वर्षी संपते. अठरा वर्षांच्या मुलाने कुठे खेळायचं? पुणे, मुंबई किंवा कोल्हापूर गाठायचं, नाहीतर पोलीस भरतीच्या धावण्यात लागायचं. शाळेला जो रस्ता आहे तो क्लबाला नाही, म्हणून लायसन्सची चर्चा इथे वरच्या लीगपेक्षा जास्त निकडीची आहे.

देशपातळीवर आता वाट थोडी खुली झाली आहे. २०२३ पासून आय-लीग ३ सुरू झाली आणि त्यात राज्य संघटनांनी सुचवलेले क्लब खेळतात. स्पोर्टिंग क्लब बंगळुरू पहिल्याच वर्षी तिथून आय-लीग २ मध्ये आणि तिथून आय-लीगमध्ये चढला. त्याच्याबरोबर चढला डेम्पो, नऊ वर्षांनी, खेळून. त्याआधी २०२३ मध्ये पंजाबचा संघ आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये गेला होता. वरच्या पायऱ्या लागल्या. जिल्ह्याच्या आणि विभागाच्या पायऱ्या अजून लागायच्या आहेत.

त्या लावताना मराठवाड्याकडे एक गोष्ट तयार आहे, जिच्याकडे कुणी फुटबॉलच्या नजरेने पाहत नाही. गावोगावची अनेक क्रीडा मंडळं आणि गणेश मंडळं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असतात. त्यांना घटना असते, दर वर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो, पदाधिकारी बदलले की चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. लायसन्सच्या पाच कलमांपैकी कायदा आणि पैसा ही दोन कलमं याहून फार वेगळं काही मागत नाहीत. नांदेडचं एखादं नोंदणीकृत मंडळ ही दोन कलमं आजही पुरी करू शकेल. माणसांच्या कलमासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी-लायसन्स प्रशिक्षण वर्ग आहे, तो इथल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना करता येण्याजोगा आहे. युवा संघासाठी सुब्रतोच्या शाळा आहेत, त्यांच्याशी क्लबाने करार करावा.

उरतं मैदान. इथे अटी ठरवणाऱ्यांनी मराठवाडा पाहून ठरवाव्यात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं. अशा जिल्ह्यात पहिल्याच पायरीला हिरवळीची अट घातली, तर ती पाळणं अन्यायाचं आणि न पाळता पाळल्याचं दाखवणं त्याहून वाईट. तालुका क्रीडा संकुलांतलं सपाट, रोज खडे वेचलेलं मुरुमाचं मैदान, बाजूला प्रथमोपचाराची पेटी, खेळाडूंना कपडे बदलायला बंद खोली आणि सामन्याच्या दिवशी पाण्याचा टँकर एवढं प्रवेश श्रेणीला पुरे. नांदेड, लातूर, धाराशिव, हिंगोलीच्या क्लबांची लीग दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवावी, म्हणजे उन्हाळ्याच्या आत सामने होतील. विजेत्याला राज्याच्या लीगची जागा कागदावर आधीच लिहून द्यावी आणि शेवटच्याला उतरायला लावावं. पैसे भरून कुणालाही सूट नको.