दिवसा इस्पितळात, संध्याकाळी रस्त्यावर



आपल्याकडे फोटोग्राफर लोकांच्या तोंडी एक शब्द असतो, 'बाहेरचं काम'. स्टुडिओत नोकरी करणारा मुलगा सांगतो, 'रविवारी जमणार नाही, बाहेरचं काम आहे.' म्हणजे कुणाचं तरी लग्न, मुंज, बारसं. नोकरीच्या बाहेरचं, पण पैशाचंच काम. मला आज ज्या कामाबद्दल बोलायचं आहे, त्याला मात्र आपल्याकडे धड नाव नाही. तेही नोकरीच्या बाहेरचंच. पण त्याला गिऱ्हाईक नाही, आगाऊ रक्कम नाही, अल्बम कुणाला द्यायचा नाही. कॅमेरा तोच, हात तोच, फक्त फोटो कुणी मागितलेला नसतो.

मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण जिन्यात भेटला. एका स्टुडिओकडून लग्नाचे फोटो काढतो. म्हणाला, 'सर, सीझन नसला की मी पहाटे मंडईत जाऊन फोटो काढतो. चार वर्षं झाली. घरचे म्हणतात फुकटचा उद्योग आहे. नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करू, की हे बंद करू?' जिन्यात उभ्या उभ्या मला उत्तर सुचलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्याला दिलेलं उशिराचं उत्तर समजा. त्यासाठी आपल्याला बरंच लांब, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर शहरात जायचं आहे.

माणसाचं नाव फ्रेड हर्झॉग. जन्म १९३० चा, जर्मनीतला. शाळकरी वयात युद्ध आलं आणि त्याच वर्षांत आई-वडील दोघंही गेले. शिक्षण अर्धवट सुटलं, काही काळ नातेवाइकांच्या हार्डवेअरच्या दुकानात काम केलं. १९५२ साली तो कॅनडात आला आणि पुढच्या वर्षी व्हँकुव्हरला पोहोचला. सुरुवातीला जहाजांवर नोकरी केली. मग १९५७ मध्ये सेंट पॉल्स हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय छायाचित्रकार म्हणून लागला. १९६१ पासून ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात त्याच प्रकारचं काम. निवृत्तीपर्यंत तो पगारी फोटोग्राफर होता.

वैद्यकीय छायाचित्रकार काय करतो, हे जरा समजून घेऊ. जखम, त्वचेवरचा डाग, शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतरचा अवयव, काढून ठेवलेला नमुना, या सगळ्याची नोंद करायची. डॉक्टरांना शिकवायला स्लाइड लागतात, त्या करायच्या. इथे कलाकारी चालत नाही. लाल डाग जितका लाल आहे तितकाच लाल यायला हवा. सावली नाट्यमय पडली तर फोटो बाद. कुठला भाग, किती जवळून, कोणत्या तारखेला, हे सगळं ठरलेलं. म्हणजे दिवसभर दुसऱ्याने सांगितलेलं, दुसऱ्याच्या उपयोगाचं, अतिशय काटेकोर काम.

आणि मग संध्याकाळी, शनिवारी, रविवारी हा माणूस लायका कॅमेरा घेऊन पायी निघायचा. कुठे? तर गोदीच्या बाजूला, चायनाटाउनमध्ये, स्ट्रॅथकोनासारख्या कामगारवस्तीत, जुन्या बाजाराच्या दुकानांसमोर, न्हाव्याच्या काचेपुढे, ग्रॅनव्हिल रस्त्यावरच्या निऑन पाट्यांखाली. १९६० चा 'बोग्नर्स ग्रोसरी' हा त्याचा फोटो पाहा. कोपऱ्यावरचं किराणा दुकान, पाट्यांनी आणि जाहिरातींनी भरलेलं. आपल्या गल्लीच्या तोंडाशी असतं तसंच. त्यात घडत काहीच नाही, तरी नजर हटत नाही.

आता यातली खरी गोम सांगतो. हर्झॉग हे सगळं रंगीत काढत होता. आज यात विशेष वाटणार नाही. पण १९५० च्या दशकात गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवल, असा पक्का समज होता. रंग हे जाहिरातीचं, मासिकांच्या मुखपृष्ठाचं, नाहीतर घरगुती सहलीच्या फोटोंचं काम. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने विल्यम एगल्स्टनच्या रंगीत फोटोंचं प्रदर्शन भरवलं ते १९७६ साली, आणि तेव्हाही त्यावर भरपूर टीका झाली. हर्झॉगला रस्त्यावर रंगीत फिल्म घेऊन उतरून तोवर वीस वर्षं होऊन गेली होती.

त्याची फिल्म होती कोडाक्रोम. तिचा जन्मही आपल्या विषयाला धरूनच झालेला आहे. लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की ही ती शोधणारी जोडी. दोघंही मूळचे संगीतकार, एक पियानोवाला, दुसरा व्हायोलिनवाला. रंगीत फिल्मचे प्रयोग ते आधी संगीत सांभाळून, आपल्या वेळात करत होते. कोडॅक कंपनीने त्यांना जवळ केलं ते नंतर. १९३५ साली कोडाक्रोम बाजारात आली. म्हणजे ज्या फिल्मवर हर्झॉगने आपलं स्वतःचं काम केलं, तीसुद्धा अशाच फावल्या वेळच्या उद्योगातून सुरू झालेली होती.

पण ही फिल्म फार हट्टी. सुरुवातीच्या कोडाक्रोमची गती होती फक्त १०. तुमच्या मोबाइलचा कॅमेरा घरात सहज ८०० च्या वर जातो, त्यावरून अंदाज करा. भर उन्हात ५.६ चं छिद्र ठेवलं तरी शटर एक साठांश सेकंदाच्या आसपास. ढगाळ व्हँकुव्हरमध्ये, संध्याकाळच्या उजेडात, चालत्या माणसाचा फोटो काढणं म्हणजे कसरतच. ३६ फोटोंचा रोल, तो प्रयोगशाळेत धुवायला पाठवायचा, आणि काय आलं ते स्लाइड परत आल्यावर कळणार. रोलचा आणि धुण्याचा खर्च पगारातून.

आणखी एक अडचण होती. कोडाक्रोमवर थेट पारदर्शक स्लाइड मिळते. तिच्यावरून कागदावर चांगली प्रिंट काढणं त्या काळी महागही होतं आणि रंगही हवे तसे उतरत नसत. म्हणून त्याचं काम भिंतीवर लागायचं नाही. प्रोजेक्टर लावून ओळखीच्यांना, विद्यार्थ्यांना दाखवायचं, आणि दिवे लागले की स्लाइड पुन्हा डबीत.

असं किती वर्षं चाललं? व्हँकुव्हर आर्ट गॅलरीत त्याचं मोठं प्रदर्शन झालं २००७ साली. हर्झॉग तेव्हा ७६ वर्षांचा होता. मधल्या काळात स्लाइड स्कॅन करून उत्तम प्रिंट काढण्याचं तंत्र आलं होतं, त्यामुळेच ते शक्य झालं. प्रदर्शन पाहायला आलेल्या व्हँकुव्हरच्या लोकांना तिथे आपलंच शहर दिसलं, जे आता राहिलेलं नव्हतं.

ते शहर कुठे गेलं? १९६० च्या दशकाच्या शेवटी व्हँकुव्हरमध्ये शहराच्या पोटातून महामार्ग नेण्याची योजना होती. चायनाटाउन आणि स्ट्रॅथकोनाच्या रहिवाशांनी जोरदार विरोध केला आणि मोठी योजना बारगळली. पण तिचा एक तुकडा, जॉर्जिया आणि डन्सम्यूर नावाचे दोन उड्डाणपूल, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला झालाच. त्यात हॉगन्स अ‍ॅली ही कृष्णवर्णीय लोकांची वस्ती जवळजवळ पुसली गेली. निऑनच्या पाट्यांवरही त्याच दशकात निर्बंध आले. जुनी दुकानं पडली, काचेचे मनोरे उभे राहिले. नगरपालिकेच्या दप्तरात नकाशे असतील, बांधकामाचे परवाने असतील. पण शनिवारी दुपारी त्या फुटपाथवर कोण उभं होतं, कुठल्या रंगाचा कोट घालून, खिडकीत काय विकायला ठेवलं होतं, हे सांगणारं दप्तर हर्झॉगच्या स्लाइडच्या डब्यांत होतं. ते ठेवायला त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, बिचारा! दिवसभर नोकरीत अडकला, नाहीतर केवढं काम केलं असतं. मला तसं वाटत नाही. असं बघा, रंगीत रस्ताचित्रांना १९५८ साली गिऱ्हाईकच नव्हतं. त्यावर पोट भरायचं ठरवलं असतं तर एकतर कृष्णधवलकडे वळावं लागलं असतं, नाहीतर जाहिरातींकडे. पगार इस्पितळाचा होता, म्हणूनच रस्त्यावरचा फोटो कुणाच्या पसंतीसाठी काढावा लागला नाही. शिवाय नोकरीतली शिस्त या कामात झिरपलेली दिसते. १९६८ चा त्याचा एक प्रसिद्ध फोटो आहे, भर रस्त्यात उभा असलेला, पट्टी बांधलेला माणूस. त्यात कीव नाही की थट्टा नाही. आहे तसं, नीट, सरळ नजरेने पाहिलंय. हे डोळे वैद्यकीय छायाचित्रणाने घडवले असावेत, असं माझं मत आहे.

तुलनेला दुसरा एक माणूस घेऊ. न्यूयॉर्कचा सॉल लायटर. १९२३ चा जन्म, मूळचा चित्रकार. १९५८ पासून 'हार्पर्स बझार' मासिकासाठी फॅशनचे फोटो काढत होता. त्याआधी दहा वर्षांपासून आपल्या घराच्या आसपासचे रस्ते रंगीत फिल्मवर टिपत होता. पावसाने ओल्या काचा, बर्फातली लाल छत्री. फॅशनचा धंदा पुढे बसला आणि १९८१ मध्ये स्टुडिओ बंद करावा लागला. रस्त्यावरच्या फोटोंचं 'अर्ली कलर' हे पुस्तक आलं २००६ साली, तेव्हा त्याने ऐंशी ओलांडली होती. हर्झॉगच्या नोकरीचं आणि छंदाचं जग वेगळं, तर लायटरचं काम आणि छंद अगदी शेजारी. तरी दोघांचं नशीब सारखं निघालं. दोघांचीही दखल एका वर्षाच्या अंतराने, म्हातारपणी घेतली गेली.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. पन्नास वर्षं वाट पाहा, एक दिवस न्याय मिळतो, असा बोध कृपा करून यातून काढू नका. किती जणांचे डबे माळ्यावरून थेट भंगारात गेले असतील. हर्झॉगचं काम टिकलं याला दोन साधी कारणं आहेत. एक, अंधारात ठेवली तर कोडाक्रोमचे रंग फार काळ टिकतात. त्या काळातल्या कितीतरी दुसऱ्या फिल्मचे रंग उडून गेले. दोन, त्याच्या फोटोंची नावं पाहा. बहुतेक ठिकाणी रस्त्याचं नाव, दुकानाचं नाव आणि साल, बस्स. 'ग्रॅनव्हिल-रॉबसन, १९५९'. इस्पितळातल्या नोंदीसारखंच. त्यामुळे आज तो फोटो कलेच्या अभ्यासकालाही उपयोगी पडतो आणि शहराच्या इतिहासकारालाही.

कोडाक्रोमचं पुढे काय झालं, तेही सांगतो, कारण त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. कंपनीने २००९ मध्ये ती बंद केली. शेवटच्या रोलपैकी एक छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला. ३६ फोटो, आणि त्यातले काही त्यांनी २०१० मध्ये मुंबईत काढले, हिंदी सिनेमाच्या कलावंतांचे. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या शेवटच्या प्रयोगशाळेनेही ती धुवायला घेणं थांबवलं. हर्झॉग गेला २०१९ मध्ये, ८८ व्या वर्षी.

तर जिन्यात भेटलेल्या त्या मित्राला, तो आज इथे असेल तर, किंवा हे कुठे वाचत असेल तर, माझं उत्तर असं. नोकरी सोडू की मंडई सोडू, हा प्रश्न तुझ्यासमोर घरच्यांनी ठेवलाय. तुझ्या चार वर्षांनी तो विचारलेला नाही. लग्नाच्या कामाने मंडईचा खर्च उचलू दे, म्हणजे मंडईत तुला कुणाचं ऐकावं लागणार नाही. एवढं मात्र आजपासून कर. प्रत्येक फोटोखाली गाळा, गल्ली, तारीख लिहून ठेव, हार्ड डिस्कच्या दोन प्रती कर, आणि एक प्रत घरात ज्याला कळतं अशा माणसाकडे दे. ती मंडई आज आहे तशी वीस वर्षांनी राहणार नाही. त्या वेळी कुणीतरी विचारील, इथे काय होतं? उत्तर तुझ्याकडे असलं पाहिजे.