समुद्र नाही, तरी घरोघरी पाण्याच्या गोष्टी : भंडाऱ्यातला डोंगा नेमका काय असतो, आणि त्यात बसण्याआधी काय बघायचं?

होडीतला फोटो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मालवण येतं, अलिबाग येतं. पण करडीच्या माणसाला होडी बघायला कोकणात जावं लागत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं हे गाव. अरबी समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. तरी किनारा आहेच, वैनगंगेचा.

आता गंमत बघा. करडी मोहाडी तालुक्यात येतं, पण मोहाडी आहे नदीच्या पलीकडे. म्हणजे तहसीलचं काम निघालं की मधे वैनगंगा आडवी. पुलावरून जायचं तर वळसा. त्यामुळे अशा भागांत डोंगा ही पिढ्यानपिढ्या हौसेची नाही, गरजेची वस्तू राहिली. या परिसरात ढिवरवाडा नावाचं गाव आहे. नावातच सगळं आलं. ढीवर म्हणजे मासेमारी करणारा, नाव चालवणारा समाज. नदी आणि तलाव हेच त्यांचं शेत.

तर डोंगा म्हणजे काय?

पूर्वी एकाच झाडाचं खोड कोरून डोंगा करायचे. पुढे फळ्या जोडून केलेल्या नावा आल्या, मग पत्र्याच्या आणि फायबरच्या. लोक मात्र आजही सगळ्यांना सरसकट डोंगाच म्हणतात, आणि जिथून डोंगा सुटतो त्या जागेला डोंगाघाट. उथळ पाण्यात लांब बांबू तळाला टेकवून नाव ढकलतात, खोल पाण्यात वल्हं. इंजिन बहुतेक ठिकाणी नसतंच.

नदीकाठच्या गावांत नावाड्याला दर खेपेला पैसे देण्याऐवजी वर्षाला ठरलेलं धान्य द्यायची रीत होती. धानाचा जिल्हा, त्यामुळे मजुरीही धानात.

वर्षभराचं गणित असं चालतं. पावसाळ्यात नदी दुथडी, तेव्हा डोंगा बांधून ठेवायचा. पाणी ओसरलं की मासेमारी. तलावांत शिंगाडा लावलेला असतो, तो दिवाळीच्या आसपास काढायला येतो. काटेरी वेलींमधून हळूहळू सरकत फळं तोडायची, त्यालाही छोटा डोंगाच लागतो. उन्हाळ्यात नदी आक्रसते आणि वाळू उघडी पडते. या वाळूत ढीवर कुटुंबं टरबूज, खरबूज, काकडी लावायची. त्याला इथं डांगरवाडी म्हणतात. रेती उपशामुळे आणि खालच्या भागात धरणाचं पाणी तुंबल्यामुळे डांगरवाड्या कमी झाल्या. रोहू-कतल्याच्या भावाबद्दल सगळे बोलतात, डांगरवाडीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तलावांचा विषय वेगळा आणि मोठा आहे. भंडारा-गोंदियात कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेले शेकडो जुने तलाव आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांचं नाव पडलं ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच मामा तलाव. मासेमारीचा ठेका साधारणपणे ढीवरांच्या सहकारी संस्था घेतात.

मग सहलीचं काय?

पूर्वी सहल म्हणजे यात्रा. तुमसर तालुक्यात माडगीला वैनगंगेच्या पात्रातच नरसिंहाचं देवस्थान आहे, तिथे जायचं म्हणजे नदीशी गाठ आलीच. आता पवनी तालुक्यातलं गोसीखुर्द धरण आहे. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. या धरणाचं पाणी मागे लांबपर्यंत पसरलंय. नागपूर-भंडारा सीमेवर आंभोऱ्याला वैनगंगेवर केबलचा पूल झालाय. त्यात उंचावर गॅलरी आहे आणि रील्समध्ये तो तुम्ही नक्की पाहिला असेल. करडीच्या बाजूला कोका अभयारण्य आहे. थोडक्यात, पाहुणे येतायत आणि पाहुण्यांना डोंग्यात बसायचंय.

इथेच घोळ होतो. डोंगा दोन-तीन माणसं, जाळं आणि माशांची टोपली एवढ्यासाठी केलेला असतो. आपण त्यात दहा जण बसतो. साठ किलोच्या हिशोबाने दहा माणसं म्हणजे सहाशे किलो. नाव बुडत नाही, पण तिची कड पाण्यापासून चार बोटं उरते. मग एक जण सेल्फीसाठी उभा राहतो. उभ्या माणसाचं वजन वर जातं, नाव डोलते. घाबरून सगळे एका बाजूला झुकतात, कड पाण्याखाली जाते. आत शिरलेलं पाणीही त्याच बाजूला धावतं. पुढचं सगळं काही सेकंदांत होतं. नाव चांगली की वाईट हा प्रश्नच येत नाही.

ही कल्पना नाही. जुलै 2017 मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुणांची नाव उलटली. थोड्याच वेळापूर्वी त्यांचं नावेतून फेसबुक लाइव्ह सुरू होतं. 14 सप्टेंबर 2021 ला अमरावती जिल्ह्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले. दशक्रियेसाठी जमलेले नातेवाईक होते. 21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात कळाशी-कुगाव प्रवासी बोट सोसाट्याच्या वाऱ्यात सापडली आणि सहा जण दगावले.

आणि प्रत्येक वेळी फोटोची हौसच कारण असते असंही नाही. जानेवारी 2024 मध्ये गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यातल्या शेतमजूर बाया मिरची तोडायला याच वैनगंगेतून पलीकडे निघाल्या होत्या. नाव उलटली, सहा जणी बुडाल्या. त्यांना दुसरा सोयीचा रस्ता नव्हता. सहलीला गेलेल्याला ‘नको बसू’ म्हणता येतं, मजुरीला निघालेल्या बाईला काय म्हणणार? तिथे लाइफ जॅकेट आणि पूल हीच उत्तरं आहेत, आणि दोन्ही तिच्या हातात नाहीत.

वैनगंगेत आणखी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. एक, रेती उपशामुळे पात्रात खोल खड्डे पडलेत. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल डोक्याएवढ्या खोलीत पडू शकतं, म्हणून ‘उथळ तर आहे’ म्हणत नावेतून उतरू नका. दोन, पाणी वरून येतं. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात संजय सरोवर आहे, तिथून पाणी सोडलं की काही तासांनी ते इकडे पोचतं. भंडाऱ्यात पावसाचा थेंब नसतानाही नदी चढू शकते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस भंडारा शहरात पाणी शिरलं, त्यामागे वरच्या धरणांचं पाणी होतंच.

कायदा काय म्हणतो? नद्या आणि जलाशयांतल्या नावांसाठी 1917 चा इंग्रजांच्या काळातला कायदा होता. त्याच्या जागी अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 आला. इंजिनाच्या बोटीला नोंदणी आणि तपासणी लागते. बिनइंजिनाच्या नावांची स्थानिक पातळीवर नोंद करायची तरतूदही नव्या कायद्यात आहे. पण गावातल्या डोंग्यावर नंबर लिहिलेला तुम्ही कधी पाहिलाय का?

त्यामुळे बसण्याआधी नावाड्याला सरळ विचारायचं, ‘दादा, किती जण बसवता?’ तो जो आकडा सांगेल त्यात आपल्या मित्रांची भर घालायची नाही. जॅकेट मागायचं, आणि ते अंगात घालून पट्टे आवळायचे, मांडीवर ठेवायचं नाही. खाली बसायचं, वजन मधोमध ठेवायचं. फोटो बसूनच काढायचा. वारा सुटला किंवा आभाळ भरून आलं की फेरी तिथेच संपवायची. नाव उलटलीच तर पोहत काठ गाठायची घाई न करता तिलाच धरून राहायचं. लाकडी नाव उलटी झाली तरी बहुधा तरंगते. काठावरच्याने पाण्यात उडी मारण्याआधी दोरी, बांबू, साडी, रिकामा डबा, जे हाताला लागेल ते फेकायचं आणि 112 ला फोन लावायचा.

नावाडी ‘आज नको’ म्हणाला तर पैसे वाढवून देऊ म्हणत बसू नका. हिवाळ्यात सकाळी पाणी शांत असतं, बगळे आणि पाणकावळे दिसतात, तेव्हा परत या.